गोडमायची केस क्लोज केली तेव्हा

जीप दर्यापूरच्या रस्त्याला लागली. गोडमाय माझ्या शेजारी खिडकीत बसली होती. मांडीवर निवाऱ्याची पिशवी, पिशवीत दोन लुगडी, एक कंगवा आणि स्टीलचा पेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. डिसेंबरचं ऊन इतकं पातळ होतं की शेतं पाण्याच्या तळाशी पसरल्यासारखी दिसत होती. चार वर्षांनी ती भावाच्या घरी चालली होती, आणि तिला पोचवायला मी निघाले होते. त्या जीपमध्ये मला फार छान वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या छान वाटण्यामुळे झालं.

मी तेव्हा अकोल्यात एका महिला निवाऱ्याची व्यवस्थापक होते. लोक त्याला आश्रम म्हणतात. तो आश्रम नाही. इमारत महापालिकेची, चालवायला आमच्यासारखी संस्था. शहरात ज्या बायकांना डोक्यावर छत नाही त्यांना झोपायला पलंग, आंघोळीला पाणी, दोन वेळचं जेवण. कोणी स्टेशनवरून येई, कोणी पोलिसांबरोबर, कोणी चालत. आमच्याकडे बावीस जणी होत्या. इमारत बंद पडलेल्या शाळेची. हॉलमधला फळा तसाच होता आणि त्यावर कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं गणित.

दुपारी त्या हॉलमध्ये वाती वळायचं काम चाले. बायका गोल करून बसत, मधे कापसाचा ढीग. झरोक्यातून उन्हाचा पट्टा येई आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत राहत, खाली यायला तयारच नसत. कुणी फारसं बोलत नसे. मांडीवर हात फिरल्याचा बारीक आवाज तेवढा. मी दारात उभी राहिले की वाटे, आपल्यालाच झोप लागलीय आणि या बायका आपल्याला स्वप्नात दिसतायत. दोन-दोन मिनिटं मी तशी उभी राहत असे. कोण कुणाशेजारी बसतं ते मला दिसत होतं. मी ते कुठे लिहून ठेवलं नाही. तसा रकानाच नव्हता.

गोडमायला पोलिसांनी आणून सोडलं होतं. रजिस्टरमध्ये 'अज्ञात महिला, वय अंदाजे साठ'. नाव सांगेना, गाव सांगेना. पहिल्या दिवशी तिला पेलाभर पाणी दिलं. ती ते सावकाश प्याली, पेल्याच्या तळाकडे बघितलं आणि म्हणाली, "गोड हाय." एवढंच. त्यावरून बायकांनी तिचं नाव ठेवलं.

तिच्या शेजारच्या पलंगावर बेबीबाई. पन्नाशीची, अंगाने आडवी, तोंडाने तिखट. बेबीला एक भीती होती. जेवणात कुणीतरी काहीतरी कालवलंय, असं तिला वाटायचं. आधी कुठे काय घडलं होतं ते तिने कधी सांगितलं नाही. आली तेव्हा ती फक्त बंद पुड्यातली बिस्किटं खायची, तीही पुडा स्वतः फोडून. पाणी सरळ नळाला तोंड लावून. गोडमाय आल्यावर कधीतरी, कसं ते मला ठाऊक नाही, एक रीत पडली. ताट वाढलं की गोडमाय बेबीच्या ताटातला पहिला घास खायची. थोडं थांबायची. मग सांगायची, "गोड हाय," नाहीतर "तिखट हाय," नाहीतर "भात कच्चा हाय." मग बेबी जेवायची. बाकीच्या बायका चिडवायच्या.

"काय व बेबी, गोडमाय मेली तं तू उपाशी मरशीन का?"

"थे आंधी मरन तेव्हा पाहू," बेबी म्हणायची. "तू तुयं खाय."

आमच्या केअरटेकर इंगळेताई याला 'चाखणी' म्हणत. तीन वर्षं, दिवसातून दोनदा.

आता माझ्याविषयी. निवाऱ्याच्या कामात सगळ्यात मानाची गोष्ट म्हणजे कुटुंब पुनर्मीलन. हरवलेल्या माणसाचं घर शोधायचं आणि त्याला परत पोचवायचं. त्या वर्षी तपासणी व्हायची होती. आमच्या संस्थेचे सचिव गावंडे सर फोनवर म्हणाले, "मॅडम, यंदा एक तरी चांगली केस दाखवा. जेवू घालणं काय, कोणीही घालते." ते मला लागलं. पण सरांवर ढकलणार नाही. त्यांनी म्हटलं नसतं तरी मी ते केलंच असतं. मला शाबासकी हवी होती. पन्नाशीला आले होते आणि नोकरीत कुणी माझं नाव घेऊन काही बोलल्याचं आठवत नव्हतं.

एकदा स्वयंपाकघरात गोडमाय डाळीच्या पातेल्यात बघत उभी होती. म्हणाली, "डाय किती झ्याक शिजली." तिच्या चेहऱ्यावर इतकं नवल होतं की मी जागीच थांबले. माझी मावशी पूर्णेकाठी खारपाणपट्ट्यात दिलेली. तिकडे विहिरीचं पाणी खारट, त्यात डाळ शिजता शिजत नाही. लहानपणी सुट्टीला गेले की मावशी सांगायची, तुमच्या गावचं पाणी गोड बाई. मला सगळं जुळल्यासारखं झालं. त्या पट्ट्यात गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी गोडमायचा फोटो टाकला. नवव्या दिवशी फोन आला. नाव सुभद्रा. नवरा वारल्यावर मन ठिकाणावर राहिलं नाही, एका दुपारी सासरच्या घरातून निघाली ती गेलीच. भाऊ अजून शोधत होता.

भावाशी बोलणं झालं. तो फोनवर रडला. मीही रडले.

मग कागद. पुनर्मीलनाच्या नमुन्यात एक रकाना असतो, 'लाभार्थीची इच्छा: होय / नाही'. लाभार्थी म्हणजे ती बाई. मी फॉर्म घेऊन हॉलमध्ये गेले. जेवणं चालली होती. गोडमायजवळ खाली बसून म्हटलं, "तुमच्या भावाचा पत्ता लागला. वासुदेवभाऊ. घरी जायचं ना?"

भावाचं नाव ऐकून तिचे डोळे हलले. मग बेबीच्या ताटाच्या काठावर हात ठेवून तिने विचारलं, "हिचं कसं?"

मी म्हटलं, "तिचं आम्ही बघू."

तिने पुन्हा विचारलं, "पन कसं?"

मी 'होय'वर खूण केली. तिचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर उठवला. तिने हात मागे घेतला नाही. पुढेही केला नाही. बेबी सगळं बघत होती, तोंडातला घास न चावता.

दर्यापूरच्या पुढचं ते गाव. घर चांगलं होतं. नुसतं चांगलं म्हणणं कमी पडेल. भाऊ, कमलवहिनी, सुना, सगळ्यांनी तिला ओवाळलं. ओसरीवर नवी बाज, नवी चादर. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. मी फोटो काढले. एका पेपरात छापून आलं. गावंडे सर म्हणाले, "व्वा मॅडम." केस क्लोज झाली. आमच्या भाषेत क्लोज म्हणजे रजिस्टरमधून नाव कमी, पलंग रिकामा, महिन्याने एक फॉलो-अप, विषय संपला.

त्याच संध्याकाळी बेबीने ताट परत केलं.

दुसऱ्या दिवशीही केलं. मला वाटलं, रुसवा आहे, दोन दिवसांत जाईल. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसून तिच्या ताटातला घास खाल्ला. म्हटलं, "बघा, काही नाही झालं."

बेबीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू तं पगारी हाय. तुले कायले काई होईन?"

इंगळेताईंनी खाऊन दाखवलं. वाती वळणाऱ्या चार-पाच जणींनी पाळी लावून खाल्लं. बेबी म्हणाली, "साऱ्या मिळाल्या तुमी." पुन्हा तिची बिस्किटं सुरू झाली, पुन्हा नळाला तोंड. हॉलमध्ये ती आता भिंतीकडे तोंड करून बसे. हात वात वळत असत. ऊन तिच्या पाठीवरून सरकत खाली उतरे आणि ती जागची हलत नसे. बारीक होत चाललेली पाठ मला रोज दारातून दिसत होती.

इंगळेताई म्हणाल्या, "मॅडम, गोडमायले आना. चार दिवस तरी."

मी म्हटलं, "अहो, केस क्लोज झालीय."

"मंग उघडा."

"असं नसतं होत."

होतं. मला करायचं नव्हतं. तिला परत आणायचं तर भावाला सांगावं लागणार होतं की मी तुमच्या बहिणीला नीट विचारलंच नव्हतं. सरांना सांगावं लागणार होतं. पेपरातला फोटो मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता. मी बेबीला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेलं. तिथल्या डॉक्टर चांगल्या होत्या, गोळ्या दिल्या. त्यांनी विचारलं, "अलीकडे यांचं जवळचं कोणी गेलंय का?" मी म्हटलं, "नाही, यांना कोणी नाहीच." गोळ्या बेबी घ्यायचीच नाही. गोळीत तर उघडच काहीतरी कालवलेलं.

सतराव्या दिवशी सकाळी अंगणात नळाशी वाकली असताना तिला चक्कर आली आणि ती ओट्याच्या काठावर पडली. खुबा मोडला.

दवाखान्यात तिला सलाईन लावली. ऑपरेशनआधी अंगात जरा ताकद यायला हवी, जेवू घाला, असं त्यांनी सांगितलं. बेबीने तोंड मिटून घेतलं. त्याच दुपारी मी एकटी दर्यापूरच्या जीपमध्ये बसले. तीच शेतं, पण आता कापूस वेचून झाला होता आणि पऱ्हाट्या नुसत्या उभ्या होत्या. माणसं चढत होती, उतरत होती, कुणी काही विचारत होतं, मी उत्तर देत होते. काय देत होते कोण जाणे. आपलं गाव येऊच नये असं वाटतं ना, तसं झालं होतं. आणि ते माझं गावही नव्हतं.

ओसरीवर गोडमाय बाजेवर बसली होती. स्वच्छ लुगडं, तेल लावलेले केस, पायांत नव्या चपला. समोर अंगणात ऊन. ती त्या उन्हाकडे बघत होती. मला बघून उठली नाही.

वासुदेवभाऊ शेतातून आले. मला फॉलो-अपला आलेली समजून खूश झाले. "पाहा मॅडम, काई कमी नाई बाईले. कामाले हात लावू देत नाई आमी. निरा बसून राह्य म्हनतो."

"बोलतात का?"

"बोलत नाई. थे तं पयलेपासूनच..." ते थांबले.

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, "भाऊ, मी तुमच्या बहिणीला विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं, पण त्यांनी हो म्हटलं नव्हतं. मी लिहिलं." मग बेबीचं सांगितलं. पहिला घास, बिस्किटं, नळ, खुबा. सलग सांगता आलं नाही. भाऊंना बराच वेळ माझं बोलणं कळलं नसावं. कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे आमचं काई चुकलं का?"

"तुमचं नाही."

"चार वर्स इले शोधलं मी. आता निवाऱ्यात परत धाडली तं लोकं काय म्हनतीन? भावानं घराबाहीर काढली म्हनतीन."

चौकटीत उभ्या असलेल्या कमलवहिनी तेव्हा बोलल्या. "मी सांगू का एक? बाई जेवाले बसली का पयला घास हातात धरते न् इकडं तिकडं पायते. रोज. मले वाटे देवाले दाखोते." त्यांनी पदर सारखा केला. "देवाले नाई दाखवत व माय. मानूस शोधते थे."

अंगणात एक कोंबडी चालत होती. तिचे पाय उचलून ठेवणंसुद्धा मला फार संथ वाटत होतं.

मी गोडमायजवळ गेले. म्हटलं, "बेबी पडली. दवाखान्यात आहे. जेवत नाही."

तिने चपला काढल्या, नीट बाजेखाली सारल्या, जुन्या चपला शोधून पायात घातल्या. "चाल," म्हणाली.

"लोकं..." भाऊ म्हणाले.

"लोकं म्हनतीन, बाई दवाखान्यात मानूस पाहाले गेली," वहिनी म्हणाल्या. "थे तं खरंच हाय. तुमी बी जा संगं. पाहून वापस येजा."

आम्ही तिघं निघालो.

वॉर्डात बेबी डोळे मिटून पडली होती. उशाशी दवाखान्याच्या खिचडीचं ताट, तसंच. गोडमाय स्टुलावर बसली. तिने ताट घेतलं, घास खाल्ला, थांबली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, शेजारच्या पलंगावरची पेशंटसुद्धा. गोडमायने तोंड वाकडं केलं.

"अळनी हाय."

बेबीने डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिली. "मंग मीठ मांग ना व, बसली काय तशी," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. मग तिने तोंड उघडलं.

वासुदेवभाऊ वॉर्डाबाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागदाच्या पुडीत मीठ होतं.

इथे थांबले असते तर गोष्ट बरी दिसली असती. ऑपरेशन झालं, पण हाड नीट बसलं नाही. बेबी पुन्हा चालली नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा फार होता, दोन आठवडे आधी काही केलं असतं तर पडल्याच नसत्या. ते सहज म्हणाले. त्यांना त्या दोन आठवड्यांचा हिशेब ठाऊक नव्हता.

आणि मी अजून एक केलं. गोडमाय निवाऱ्यातच राहिली. भाऊंनीही मान्य केलं, दर पंधरवड्याला येऊन भेटत, तूर, ज्वारी काहीतरी घेऊन येत. पण रजिस्टरमध्ये तिला परत कसं घ्यायचं? केस क्लोज होती, तपासणीत वाखाणली गेली होती. मी नवीन पान उघडलं आणि 'सुभद्राबाई, नवीन प्रवेश' असं लिहिलं. कागदावर अज्ञात महिला आपल्या घरी सुखात होती आणि आमच्याकडे एक नवी बाई आली होती. कागदावरच्या या दोघी वेगळ्या दिसाव्यात म्हणून नवा फोटो वेगळ्या कोनातून काढला. इंगळेताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या बाया." पुढे काही नाही.

गोडमाय आणि बेबीने मला झाल्या प्रकाराबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. बेबी खाटेवरून माझी थट्टा करायची ती करायचीच. "पगारी आली पगारी." गोडमाय माझ्याशी बोलत नव्हती, पण ती कुणाशीच फार बोलत नव्हती. त्यामुळे ती शिक्षा होती की स्वभाव, ते मला कधी कळलं नाही. पुढे बेबी दीड वर्ष जगली. दोन वेळा जेवून. ती गेल्यावर गोडमाय भावाबरोबर गावी गेली. या वेळी स्वतःहून, पिशवी स्वतः भरून. मी फॉर्म पुढे केला तेव्हा तिने अंगठा आधीच शाईत बुडवला होता.

माझी बदली अमरावतीला झाली. संस्थेने मला नवीन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं काम दिलं. आणि तिथे मी चार वर्षं गोडमायची केस शिकवली. आदर्श केस म्हणून. पाणी, डाळ, खारपाणपट्टा, आशाताईंचा ग्रुप. मुलं-मुली भारावून ऐकायची. शेवटची स्लाइड ओवाळतानाच्या फोटोची. पंखा फिरत असायचा, पडद्यावर ती निरांजनाच्या उजेडात बसलेली, आणि मी बोलत असायचे. माझा आवाज मला दुरून, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू यायचा.

या उन्हाळ्यात परतवाड्याची एक मुलगी प्रशिक्षणाला होती. तिने हात वर केला. "मॅडम, त्या तं बोलतच नव्हत्या म्हणता. मग इच्छा कशी नोंदवली?"

चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी प्रोजेक्टर बंद केला आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. मग संस्थेला पत्र लिहिलं, रजिस्टरमधल्या दोन्ही पानांचे नंबर टाकून.

गावंडे सरांचा फोन आला. "मॅडम, कायले उकरून काढता? फाईल बंद हाय."

"उघडा सर."

"उघडली तं तुमच्यावरच येईन."

"माझंच आहे."

मेमो आला. प्रशिक्षणाचं काम काढून घेतलं, महिनाभराने परत दिलं, कारण दुसरं कुणी ते करायला तयार नव्हतं. आमच्या संस्थेच्या नमुन्यातला तो रकाना आता बदललाय. 'होय / नाही' काढून तिथे दोन कोऱ्या ओळी ठेवल्यात. माणूस जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. काही बोललं नाही तर 'बोलले नाहीत' असं लिहायचं. आणि खाली एक नवीन प्रश्न घातलाय, हे इथून गेले तर कुणाचं काय अडेल. नवीन मुलं तक्रार करतात की याने एकेका केसला आठवडा जातो, वर्षाअखेर आकडा दिसत नाही. मी त्यांना सांगते, जातो. जाऊ द्या.